टर्बोचं काम घरी केल्यावर इंजिन तापतंय? दोष असा शोधा

टर्बो उतरवला, बदलला, सगळं परत बसवलं. गाडी एका चावीत चालू झाली, टर्बोची शिट्टीही नीट आली. आणि अंधेरीच्या सिग्नलपर्यंत पोचता पोचता तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला. अशा वेळी बहुतेक जण आधी थर्मोस्टॅट (गरम झालेलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलतात, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. पैसे जातात, गाडी तापायची तापतेच. कामाआधी तापत नव्हती आणि कामानंतर तापते, तर दोष बहुतेक वेळा तुमचा पाना जिथे लागला त्याच परिसरात असतो. त्यामुळे आधी नवे पार्ट आणायला धावू नका; काय काय काढलं होतं ते आठवा आणि त्याच क्रमाने तपासत जा. कामाच्या वेळी मोबाइलवर फोटो काढले असतील तर ते आता उघडा.

दोष सापडेपर्यंत गाडी रोजच्या वापरात काढू नका. आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) अॅल्युमिनियमचं असतं. ते एकदा वाकलं की दोन रुपयांच्या वायसरचं काम हेड उतरवून प्लेनिंग करण्यापर्यंत, म्हणजे ते घासून सपाट करण्यापर्यंत, जातं.

रस्त्यात काटा वर गेलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता बाहेर काढतो. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बॉटलच्या झाकणाला हात लावू नका. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. साधारण १ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच १२५ अंशांच्या पुढेही द्रव राहतं. झाकण उघडताच दाब जातो, आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा जाड पाइप मुठीत धरून ठेवता येईल इतका गार होऊ द्या. त्याला तासभर तरी लागतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं हा हेडला तडा पाडायचा खात्रीचा मार्ग आहे, तेही नको.

लागणारं सामान

ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटात लावून इंजिनाचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं त्याचं अॅप, इन्फ्रारेड थर्मामीटर, मल्टीमीटर, चांगली टॉर्च, लांब नळीचा फनेल, लिटरच्या खुणा असलेलं भांडं, डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट. मुंबईत मीटर आणि डोंगल लॅमिंग्टन रोडला मिळतात, क्लिप आणि वायसर नागदेवीला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरायचं नाही.

डोंगल चैन म्हणून सांगत नाही. डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांच्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. डोंगलवर खरा आकडा दिसतो. गरम झालेल्या इंजिनाचा आकडा सहसा ८५ ते १०० च्या दरम्यान खेळतो, आणि रेडिएटरचा फॅन ९५ ते १०५ च्या दरम्यान कुठेतरी लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

एक धोका लक्षात ठेवा. कूलंट खूप कमी झालं असेल तर सेन्सर द्रवात बुडत नाही, हवेत लटकतो, आणि इंजिन भाजत असताना कमी तापमान दाखवू शकतो. म्हणून आकडा वाचण्याआधी बॉटलमधली पातळी बघायची, तीही इंजिन गार असताना.

आधी ठरवा, तापतं कधी?

या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मं काम होतं. अंदाजाने सांगू नका, डोंगल लावून वहीत लिहा: किती मिनिटांनी, कोणत्या वेगाला, एसी चालू होता की बंद.

गोरेगावच्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ६० चा वेग मिळाला की आकडा खाली येतो, तर कूलंट फिरतंय, हवा फिरत नाही. फॅन, त्याचं कनेक्टर, रेडिएटरची जाळी बघा.

उलट ट्रॅफिकमध्ये ठीक, पण घाटात किंवा ८०-९० च्या पुढे तापते, तर फॅनचा संबंध कमी. कूलंटचा प्रवाह कमी पडतोय, रेडिएटर आतून बुजलाय, किंवा इंजिन नेहमीपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. या शेवटच्या शक्यतेत टर्बोचं काम थेट येतं.

गार इंजिन चालू केल्यावर उभ्या गाडीतच पाच-सात मिनिटांत ११० गाठते, तर एअर पकडली आहे (कूलंटच्या वाटेत हवा अडकली आहे), थर्मोस्टॅट उघडत नाही, वॉटर पंपाचा बेल्ट चुकलाय किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेलंय.

आकडा ९० वरून १०८, परत ९२ असा उड्या मारतो, तर जवळजवळ खात्रीने आत हवा आहे. फक्त तापमान उड्या मारतं पण पाइप हाताला नेहमीसारखेच गरम लागतात, तर सेन्सरचं कनेक्टर किंवा अर्थ वायर सैल राहिली असेल.

इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी बॉटलमध्ये गुडगुड आवाज येतो, चालताना मात्र सगळं ठीक, तर टर्बोच्या अंगातली उष्णता तिथे थांबलेल्या कूलंटला मिळतेय. काही गाड्यांत बंद केल्यावरही फॅन आणि छोटा इलेक्ट्रिक पंप काही मिनिटं चालतात, तो आवाज बिघाडाचा नव्हे. तो पंप टर्बो गार करायलाच दिलेला आहे; त्याचं कनेक्टर तुमच्याकडून उघडं राहिलं नाही ना, एवढं मात्र बघा.

टर्बो पाण्यावरचा की नुसत्या तेलावरचा?

टर्बोच्या मधल्या भागाला किती नळ्या येतात ते मोजा. वरून एक बारीक आणि खालून एक जाड, एवढ्याच असतील तर टर्बो फक्त तेलावर गार होतो. छोट्या डिझेल गाड्यांत असे बरेच असतात. अशा गाडीत टर्बोतून कूलंट जातच नाही. मग कूलंट काढलं होतं का, वाट करायला रेडिएटर किंवा फॅन हलवला होता का, हे आठवा. यातलं काही केलं नसेल तर थेट फॅन आणि बूस्टच्या (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाच्या) तपासणीकडे वळा. आणखी दोन नळ्या असतील, जशा आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत असतात, तर पुढचा भाग नीट वाचा.

एअर काढणं

टर्बोच्या कामानंतर गाडी तापण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. कूलंट भरताना हवा हेडमध्ये, हीटरमध्ये किंवा टर्बोच्या नळीत अडकते. पंप द्रव ढकलतो, हवेचा फुगा ढकलत नाही. फुगा असलेल्या जागी धातू तापतो, वाफ होते, फुगा आणखी मोठा होतो.

आत हवा आहे का, हे कळायला साधा हिशेब आहे. काम करताना किती कूलंट निघालं ते मोजलं होतं का? ५ लिटर निघालं आणि भरताना साडेतीन लिटरलाच बॉटल भरली, तर दीड लिटर हवा आत बसली आहे. मोजलं नसेल तर दुसरी खूण घ्या: इंजिन गरम झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवा. बाहेर गार किंवा कोमट वारा आला तर हीटरपर्यंत गरम कूलंट पोचत नाहीये. मुंबईत हीटर वर्षानुवर्षं कोणी लावत नाही, त्यामुळे ही खूण सहज नजरेतून सुटते.

आता पायऱ्या. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा.

१. गाडीचं नाक वर करा. सोसायटीच्या पोडियम पार्किंगचा चढ यासाठी उत्तम. गाडी चढाकडे तोंड करून लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण द्या. बॉटल किंवा रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंचावर आलं पाहिजे.

२. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर. काही जुन्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर व्हॉल्व्ह असतो आणि नॉब गारवर असला की तिथली हवा बाहेर येत नाही.

३. एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या पाइपवर किंवा हीटरच्या पाइपवर शोधा. बऱ्याचदा तो प्लॅस्टिकचा असतो, जोर लावला की तुटतो.

४. कूलंट बारीक धारेने भरा. लिटरला दोन-तीन मिनिटं तरी लागू द्या. मध्येमध्ये वरचा जाड पाइप मुठीने दाबा. बुडबुडे वर येताना दिसतील. स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की स्क्रू बंद करा.

५. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू करा. पातळी खाली जाईल तसं भरत राहा. आकडा ७० च्या पुढे गेला की झाकण लावा, म्हणजे उतू जाणार नाही.

६. आता खालचा जाड पाइप हाताने तपासत राहा, पण फॅन आणि बेल्टपासून हात आणि बाही लांब ठेवून. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो आणि त्यानंतर हा पाइप गरम होत जातो. तो गरमच झाला नाही आणि आकडा १०० च्या पुढे गेला, तर इंजिन बंद करा.

७. इंजिन १,५०० ते २,००० आरपीएमवर दहा-पंधरा सेकंद धरा, सोडा, असं चार-पाच वेळा. फॅन दोनदा लागून बंद झाला की इंजिन बंद करून रात्रभर गार होऊ द्या.

८. दुसऱ्या सकाळी पातळी बघा. ती उतरलेली असणार. किमान आणि कमाल रेघांच्या मध्ये आणा.

इलेक्ट्रिक वॉटर पंप असलेल्या काही गाड्यांत ही पद्धत पुरत नाही. तिथे स्कॅनरवरून पंप चालवून एअर काढायची सोय दिलेली असते. ते काम स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच करा.

पुन्हा पुन्हा एअर काढूनही ती परत येत असेल तर टर्बोकडून परत जाणाऱ्या कूलंटच्या नळीची चढण बघा. इंजिन बंद झाल्यावर टर्बोतली वाफ आपोआप वर जावी म्हणून ही नळी सहसा सलग चढत जाते. तुम्ही मूळ धातूची नळी काढून रबरी पाइप टाकला असेल आणि तो मध्ये उंच जाऊन परत खाली वळत असेल, तर त्या कुबडात वाफ साठते. पाइप योग्य लांबीला कापा. तो कूलंटसाठीचाच हवा. पेट्रोलचा पाइप इथे काही महिन्यांत फुगतो आणि फाटतो.

पाण्याबद्दल थोडं. इथे बर्फ पडत नाही म्हणून नुसतं पाणी चालतं, असं बरेच जण सांगतात. नाही चालत. कूलंट उकळबिंदू वाढवतं, गंज रोखतं आणि पंपाचं सील टिकवतं. सोसायटीच्या बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी तर अजिबात नको. त्यातले क्षार टर्बोच्या बारीक वाटांमध्ये, जिथे धातू सगळ्यात गरम असतो, तिथेच थर धरतात. रंगावरून कूलंट जुळवू नका, रंग हे प्रमाण नाही. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

गळती: थेंब न पडणारी

टर्बोच्या कूलंट नळ्या बऱ्याचदा बँजो बोल्टने (ज्याच्या आतूनच द्रव जातो अशा पोकळ बोल्टने) बसतात आणि प्रत्येक बोल्टला दोन तांब्याचे वायसर लागतात, नळीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. जुना वायसर नखाने चाचपून बघा. त्यावर गोल खोबण पडलेली असते आणि तांबं कडक झालेलं असतं. तोच परत लावला की गार असताना गळत नाही, गरम झाल्यावर पाझरतो. आणि तिथला धातू इतका तापलेला असतो की थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, जागेवरच वाफ होतो. त्यामुळे गाडीखाली ओल नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. बोल्टभोवती पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा, आणि बोनेट उघडल्यावर गोडसर उग्र वास, या इथल्या खुणा.

खात्री करायला प्रेशर टेस्टर लावतात. गार इंजिनावर झाकणाच्या जागी बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्या, समजा १.१ बार, आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला की टॉर्च घेऊन शोधा. झाकणही तपासून घ्या. त्याचं रबर कडक झालं असेल तर दाबच धरला जात नाही आणि बाकी सगळं ठीक असूनही कूलंट उकळतं.

गॅस्केटऐवजी सिलिकॉन सीलंट फासलं असेल तर मात्र काळजीचं कारण आहे. बोल्ट आवळताना ते आतल्या बाजूलाही पसरतं, तुकडा सुटतो आणि बँजो बोल्टच्या छोट्या भोकात अडकतो. कूलंटच्या बाजूला असं झालं तर टर्बोत कूलंट उकळतं. तेलाच्या बाजूला झालं तर नवा टर्बो थोड्याच वेळात जातो. बोल्ट काढून भोकातून उजेड दिसतो का ते बघा.

फॅन

एसी चालू करा. बऱ्याच गाड्यांत फॅन थोड्याच वेळात लागतो. एसीला लागतो पण इंजिन १०५ ला गेलं तरी लागत नाही, तर मोटर चांगली आहे. सेन्सर, रिले किंवा वायरिंग बघा. कशालाच लागत नाही, तर आधी कनेक्टर दाबून ‘टक’ आवाज येतो का ते तपासा, मग फ्यूज, मग कनेक्टरवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का ते मल्टीमीटरने मोजा.

वायर कापून जोडली असेल तर फॅन उलटा फिरत असू शकतो. रेडिएटरच्या मागे बसलेला फॅन पुढून हवा ओढतो. फॅन चालू असताना वर्तमानपत्राचा अर्धा कागद पुढच्या जाळीवर धरा. चिकटून राहिला तर ठीक, उडून तुमच्याकडे आला तर वायर उलटी जोडली आहे.

पावसाळ्यानंतर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये चिखल, पानं आणि प्लॅस्टिकचे तुकडे साठलेले असतात. रेडिएटर हलवताना ते दाबून बसतात. तिथे उजेड टाकून बघा. खालचं प्लॅस्टिक कव्हर आणि बाजूच्या हवा वळवणाऱ्या पट्ट्या ‘नंतर लावू’ म्हणून राहिल्या असतील तर आजच लावा. त्या नसल्या की हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते.

आता थर्मामीटर. मोजमाप काळ्या रबरी पाइपवर घ्या. चकचकीत धातूवर आकडा चुकतो. वरचा आणि खालचा पाइप दोन्ही जवळजवळ सारखेच गरम, तर रेडिएटरमधून उष्णता जात नाही: बाहेरून येणाऱ्या हवेचा दोष. वरचा ९८ आणि खालचा ४५, तर कूलंट पुढे जात नाही: थर्मोस्टॅट, एअर किंवा पंप. रेडिएटरच्या जाळीवर मध्येच मोठा गार पट्टा, तर तो भाग आतून बुजलाय.

फक्त चढावर तापते, तर बूस्टकडे बघा

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनपर्यंतचे पाइप तपासा. जुन्या टर्बोने ओकलेलं तेल पाइपात असतं. ते न पुसता क्लिप आवळली की दाबाखाली पाइप घसरतो. हवा बाहेर जाते, डिझेल गाडी काळा धूर सोडते, तेवढीच ताकद मिळवायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि एक्झॉस्ट तापतो. पाइपाची टोकं ब्रेक क्लीनरने पुसून, क्लिप उंच कडेच्या मागे बसवून आवळा.

डोंगलवर मॅनिफोल्ड प्रेशरही दिसतं. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना तो आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. तसा येत नसेल तर आधी सेन्सर बघा. नंतर चढावर बूस्ट कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त जात असेल, तर अॅक्चुएटरच्या (बूस्टवर ताबा ठेवणाऱ्या भागाच्या) दांड्याचा नट मूळ जागेवरून फिरला आहे किंवा व्हॅक्युमच्या बारीक नळ्यांची अदलाबदल झाली आहे. नट फिरवण्याआधी दिसणारे आटे मोजून ठेवले नसतील तर आता अंदाजाने फिरवत बसू नका, टर्बोवाल्याकडे गेजवर सेट करून घ्या.

फुटलेल्या टर्बोचं तेल एक्झॉस्टमध्ये गेलं असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो. गाडी ओढत नाही आणि टर्बोची बाजू भलतीच तापते, ही त्याची खूण. उघड्या पाइपात कोंबलेली चिंधी तशीच आत राहणं हेही खरंच घडतं. चिंध्या मोजून घ्या.

टर्बोवरचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) नसल्याने इंजिनाचं तापमान फारसं वाढत नाही, पण शेजारच्या पाइपाचं रबर आणि वायरिंग भाजतं. ते लावायचंच.

हेड गॅस्केट

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी तापते, तर इथे या. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, बॉटलमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून मिळते: बॉटलमधली हवा त्या द्रवातून ओढतात, आणि ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या सायीवरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच गाडी चालत असेल तर दमटपणानेही ती धरते. ऑइलची पट्टी बघा. तेल दुधाळ झालं असेल, पातळी वाढली असेल, तर इंजिन चालू न करता टोइंग करून न्या.

रस्त्यावरची चाचणी

पहिल्या दिवशी सोसायटीच्या आसपास १५ मिनिटं, डोंगल लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघून हायवेवर अर्धा तास, आणि येताना जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या गर्दीत एसी लावून. आकडा १०५ च्या पुढे टिकला नाही, पातळी दोन सकाळ तशीच राहिली, तरच पुण्याच्या वाटेवर बोरघाट चढवा. घाटात १०८ दिसले की वेग कमी करा आणि एसी बंद करा. तेवढ्यानेही आकडा उतरत नसेल तर थांबायच्या जागी गाडी घ्या, चढाच्या मध्ये नको.

चाचणीनंतर, इंजिन गार झाल्यावर, सगळ्या क्लिप एकदा तपासा. रबर बसतं आणि स्क्रूवाल्या क्लिप थोड्या सैल पडतात. काढलेलं जुनं कूलंट सोसायटीच्या गटारात किंवा जमिनीवर ओतू नका. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांचं मूत्रपिंड निकामी करतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ‘जुनं कूलंट, विषारी’ असं लिहा आणि गॅरेजवाल्याला विचारून वापरलेल्या तेलासोबत त्याच्याकडे द्या. कामाच्या जागी सांडलं असेल तर आधी फडक्याने टिपून घ्या, मग ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.